दिवस उलटल्यावर : तापीखोऱ्यातल्या मोजणीचा इतिहास

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी माणसांची वस्ती दाट आहे. शहराची महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, श्रावणात कानबाईच्या मिरवणुका निघतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूम आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कामासाठी आलेल्या या घरांत एखाद्या बाईची डॉक्टरांनी दिलेली तारीख टळली आणि कळांचा पत्ता नसला, की पुढचा क्रम आता जवळजवळ ठरलेला असतो. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचा, सोनोग्राफीत पाणी किती उरलंय ते बघायचं, बाळ फिरतंय का ते विचारायचं आणि मग वाट बघायची की कळा आणायच्या ते ठरवायचं. या तपासण्यांचा इतिहास बहुतेकदा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी कान, मग नळी, मग आलेख, मग पडदा. त्यात खोटं काही नसलं तरी अर्धी गोष्ट सुटते. बाळ पोटात बरं आहे का, या प्रश्नाच्या आधी आज कितवा दिवस, हा प्रश्न येतो. तापीच्या खोऱ्यात तो पहिला प्रश्नच कच्चा राहिला आणि दुसऱ्याचं उत्तर देणारी यंत्रं मात्र एकामागून एक येत गेली. माझ्या मते दिवस उलटलेल्या गर्भारपणातला बराचसा गोंधळ, अकारण केलेली सिझर आणि अकारण घालवलेला वेळ हे दोन्ही, या उलट्या क्रमातून आले आहेत.

मोजणी पूर्वी नव्हती असं मात्र नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागला की प्रसवाचा काळ सुरू होतो, तो दहाव्यापर्यंत चालतो आणि त्यापुढे गर्भ पोटात राहिला तर ती विकृती समजावी, असं सांगितलं आहे. महिना चांद्र धरला आणि मोजणी पाळीपासून केली, तर दहा महिने म्हणजे २९५ दिवस होतात. आजचं वैद्यक ४२ आठवडे, म्हणजे २९४ दिवस पुरे झाले की गर्भारपण मुदतीबाहेर गेलं असं म्हणतं. हा मेळ मोहक आहे, पण त्यावर फार भार टाकू नये, कारण मोजणी कोणत्या दिवसापासून करायची हे ग्रंथात आजच्यासारखं बांधून दिलेलं नाही. सुश्रुताची मर्यादा तर अकराव्या-बाराव्या महिन्यापर्यंत जाते. शारीरस्थानातच पुढे चरकानं निजल्यासारख्या, न हलणाऱ्या गर्भाचाही विचार केला आहे आणि त्या आईला तुपाबरोबर मांसरस किंवा उडदाचं कढण द्यायला सांगितलं आहे. उपचार बाजूला ठेवू. गर्भाची हालचाल ही त्याच्या प्रकृतीची खूण आहे, हे निरीक्षण जुनं आहे एवढं त्यावरून दिसतं. मराठी घरांत चालत आलेला ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेबही चांद्र महिन्यांनी २७५ दिवसांच्या आसपास येतो. म्हणजे ढोबळ अंदाज चांगला होता, अडचण कडेच्या आठवड्यांत होती. सुरत आणि धुळे दोन्हीकडे महिना अमावास्येलाच संपतो, महिन्यांची नावंही तीच, त्यामुळे पंचांगाचा घोटाळा होत नसे. पण अधिक मास आला की नावं मोजून भागत नाही. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्या ज्येष्ठात शेवटची पाळी आलेल्या बाईनं नऊ नावं मोजली असती तर ती पुढच्या फाल्गुनात पोचली असती, आणि तोवर प्रत्यक्षात २९५ दिवस झाले असते. धोंड्याचा महिना जावयाच्या पाहुणचारापायी कुणी विसरत नाही हे खरं, पण दवाखान्यात इंग्रजी तारीख सांगताना तो गळून जायला वेळ लागत नाही.

दिवसांचा नेमका आकडा आपल्याकडे दवाखान्याआधी कोर्टात रुळला. हायडेलबर्गच्या फ्रान्ट्स नेगेले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवून तीन महिने मागे जायचा नियम रूढ केला, आणि त्यातून २८० दिवसांचा हिशेब प्रसूतिशास्त्रात पक्का झाला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमानं विवाहसंबंध संपल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल, आईनं पुन्हा लग्न केलेलं नसेल तर, औरस मानलं. सुरत जिल्हा आणि खानदेश जिल्हा दोन्ही तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणजे दोन्हीकडच्या न्यायाधीशांपुढे एकच आकडा होता. गंमत अशी की कायद्याचे २८० दिवस विवाह संपल्यापासून मोजायचे आणि वैद्यकाचे २८० दिवस पाळीपासून. गर्भधारणा पाळीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते, तेव्हा कायद्यानं दिवस उलटलेल्या बाळाला नकळत दोन आठवड्यांची सवलत दिली. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही, कलम ११६ म्हणून, हा आकडा तसाच आहे. कायद्याला अशी ढिलाई परवडते, कारण त्याला वारस ठरवायचा असतो. डॉक्टरला बाळ आज बाहेर काढायचं की आठवड्यानं, हे ठरवायचं असतं.

ठोक्यांची कहाणी दुसरीकडे सुरू झाली. १८१८ साली जिनीव्हाच्या फ्रांस्वा मेयर यांनी आईच्या पोटाला कान लावून बाळाचे ठोके ऐकल्याची नोंद केली. थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये केर्गारादेक यांनी स्टेथोस्कोपनं ते ऐकून त्यावरून बाळाची प्रकृती कळेल असं सुचवलं. १८९५ मध्ये आदोल्फ पिनार यांनी कर्ण्याच्या आकाराची नळी केली, ती आजही आपल्या आरोग्य केंद्रांत नर्सच्या ट्रेमध्ये दिसते. मिनिटाला १२० ते १६० ठोके म्हणजे ठीक, ही मर्यादाही त्याच काळातली. हिंदुस्थानात १८८५ साली डफरिन फंड निघाला, पुढे दायांना शिकवण्याचे प्रयत्न झाले, पण घरचं बाळंतपण करणाऱ्या सुइणीची परीक्षा हाताची आणि विचारपूस करण्याचीच राहिली : पोट खाली उतरलं का, बाळ फिरतं का, पाण्याचा रंग कसा. त्या परीक्षेची थट्टा करायचं कारण नाही. गर्भजल कमी होणं, त्यात बाळानं शी करणं आणि हालचाल मंदावणं याच तीन गोष्टी आजची यंत्रंही वेगळ्या वाटेनं मोजतात. उलट दिवस उलटण्याचा धोका पाश्चात्त्य वैद्यकातही उशिराच मांडला गेला. एडिंबराचे बॅलंटाइन यांनी १९०२ साली मुदतीबाहेर गेलेल्या बाळाचा प्रश्न मांडला, आणि १९५४ साली बॉस्टनच्या क्लिफर्ड यांनी सुरकुतलेल्या, सोलवटलेल्या कातडीच्या, हिरवट डागांच्या बाळांचं वर्णन करून वार थकल्यामुळे असं होतं, असा विचार रूढ केला. वार खरंच ‘म्हातारी’ होते का, यावर नंतर बरीच शंका घेतली गेली. पण प्रसूतिगृहात ती कल्पना बसली ती बसलीच.

त्यानंतरची तीस वर्षं यंत्रांची. १९५८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी ठोक्यांची सतत विजेरी नोंद दाखवली. १९६२ मध्ये बर्लिनचे झालिंग यांनी बाळाच्या टाळूच्या रक्ताची तपासणी आणि गर्भजलाचा रंग पाहण्याची दुर्बीण आणली. १९६८ मध्ये हामाखर यांच्या कामावर उभं असलेलं यंत्र बाजारात आलं. त्याच वर्षी बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४,८६३ प्रसूतींच्या नोंदी तपासून असं म्हटलं, की नळीनं ऐकलेले ठोके अगदी टोकाची वेळ सोडली तर बाळाची अवस्था नीट सांगत नाहीत. यावरून यंत्र हवंच, असा निष्कर्ष जगभर निघाला. यंत्र खरंच जास्त सांगतं का, ही तपासणी मात्र ते पसरल्यावर झाली. डब्लिनमध्ये १२,९६४ स्त्रियांवर झालेल्या आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सततच्या आलेखामुळे नवजातांचे झटके निम्म्यावर आले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. कळा सुरू होण्याआधीची वीस मिनिटांची पट्टी, म्हणजे एनएसटी, सत्तरच्या दशकात रुळली. १९८० मध्ये मॅनिंग यांनी तिच्या जोडीला सोनोग्राफीतली हालचाल, श्वासाची हालचाल, अंगाचा ताठपणा आणि पाणी घेऊन दहा गुणांचा हिशेब बसवला. १९७६ मध्ये कार्डिफच्या पिअर्सन आणि वीव्हर यांनी बाईला स्वतःच दिवसात बाळाच्या दहा हालचाली मोजायला सांगितलं. १९८९ साली सुमारे ६८,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सगळ्यांनाच असं मोजायला लावून मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. सुरतेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६४ सालचं, म्हणजे त्याची सगळी कारकीर्द याच काळातली. शतक पालटताना महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय उमरवाड्याला उभं राहिलं. या दोन्ही ठिकाणी येणाऱ्या बाईला जगातल्या तपासण्यांचा हा सगळा साठा मिळणं शक्य झालं. त्या तपासण्या ज्या तारखेवर उभ्या असतात, ती तारीख मात्र तिनं बरोबर आणायची होती.

इथे एक हिशेबी बारकावा आहे आणि माझ्या म्हणण्याचा बराचसा आधार तोच आहे. पूर्वी ४१ व्या आठवड्यातला धोका काढताना त्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांपैकी किती दगावली ते मोजत. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या युडकिन, वुड आणि रेडमन यांनी दाखवलं की भाजक चुकतो आहे : त्या आठवड्याच्या सुरुवातीला जेवढी बाळं अजून पोटात आहेत, त्या सगळ्यांनी भागायला हवं, कारण पोटात मरण्याचा धोका त्या सगळ्यांनाच असतो. असं भागलं की मुदतीनंतर धोका आठवड्यागणिक चढत गेलेला दिसतो. तरीही तो फार मोठा नसतो; २०१९ साली दीड कोटी गर्भारपणांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा चाळिसाऐवजी एकेचाळीस आठवडे थांबल्यानं सुमारे १,४५० बायांमागे एक जास्त मृतजन्म होतो असं निघालं. एवढा बारीक फरक पकडायला लाखो नोंदी लागतात, आणि त्या नोंदींत प्रत्येक बाईचा आठवडा खरा असावा लागतो. ज्या देशात आठवडाच दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होतो, तिथे हा चढ अस्तित्वात असून दिसणार नाही. कॅनडात ३,४०७ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४१ आठवड्यांनंतर कळा आणणं आणि तपासण्या करत थांबणं यांची तुलना झाली. कळा आणलेल्यांत सिझर २१.२ टक्के, थांबलेल्यांत २४.५ टक्के. स्वीडनमधली चाचणी २०१९ साली मध्येच थांबवावी लागली, कारण ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्यांत सहा बाळं गेली आणि ४१ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत एकही नाही. स्वीडनमध्ये सोनोग्राफीनं लवकर तारीख ठरवण्याची पद्धत जुनी आहे. तिथे ४१ म्हणजे ४१ असतात.

तापीच्या खोऱ्यात ते का नसतात, याला बाईचा निष्काळजीपणा हे उत्तर आळशी आहे. ज्याला पगाराची पावती तारखेनं मिळते त्याला तारीख लक्षात राहते. शेतात किंवा घरबसल्या साड्यांचे धागे कापण्यात, टिकल्या चिकटवण्यात ज्यांचा दिवस जातो त्यांना आखाजीच्या आधी की कानबाईनंतर, हे आठवतं, आणि तेही पुष्कळ उपयोगाचं असतं. अंगावर पिणारं मूल असताना मधे पाळीच न येता पुन्हा दिवस राहिले तर कोणती तारीख सांगणार? शिवाय पाळीवरून काढलेली तारीख चुकते ती बहुधा एकाच बाजूला : बीज उशिरा सुटलं असेल तर गर्भ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कागदावर मोठा ठरतो, आणि न उलटलेले दिवस उलटल्यासारखे दिसतात. याच्यावर बसला आहे माहेर-सासरचा प्रवास. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेनं सुरत आणि अमळनेर जोडलं आणि पुढे याच मार्गानं लूमचे कामगार आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज त्याच गाडीनं उलट्या दिशेला जातो : दिवस राहिले सुरतेत, नाव नोंदलं सुरतेत, सातव्या-आठव्या महिन्यात माहेर धुळ्याकडे किंवा शहाद्याकडे. कधी याच्या उलटही, कारण आता कितीएक मुलींचं माहेरच लिंबायतेत आहे. १ मे १९६० पर्यंत हा प्रवास एका राज्याच्या आत होत होता. त्यानंतर मधे सीमा आली आणि आरोग्यखातीही दोन झाली. एकीकडे गुजराती ममता कार्ड, दुसरीकडे मराठी माता-बाल कार्ड. सीमेमुळे बाईची गाडी अडली नाही, कागद मात्र अडला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं या शहरातून लाखो माणसं गावाकडे पळाली, त्यानंतर सुरतेनं सफाई आणि रोगांची नोंद यांत देशाला धडा घालून दिला. तापाचा रुग्ण कोणत्या गल्लीतला, हे शहर शिकलं. गावाला गेलेल्या गर्भार बाईचा आठवडा तिच्याबरोबर कसा पाठवायचा, हे ना सुरत शिकली ना धुळं.

तारीख पक्की करणारं यंत्र याच काळात आलं होतं आणि ते बदनाम झालं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी गर्भाचं वय पाच-सात दिवसांच्या फरकानं सांगते. शेवटच्या तिमाहीत तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. म्हणजे तिचा खरा उपयोग लवकर केल्यानं आहे. आपल्याकडे मात्र ते यंत्र मुलगा की मुलगी ओळखण्याचं यंत्र म्हणून लोकांच्या मनात शिरलं. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे गुजरातेत ८८३ आणि महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या. महाराष्ट्रानं १९८८ सालीच कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कायदा आवश्यक होता, याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे तारखेची सोनोग्राफी बंद झाली, असं काही डॉक्टर म्हणतात, ते खरं नाही. गर्भाचं वय ठरवणं आणि पाण्याचं प्रमाण पाहणं ही दोन्ही कारणं भरावयाच्या नमुन्यात छापलेली आहेत. पण नोंदणी, फॉर्म, यंत्राची परवानगी यांच्या धास्तीनं यंत्र मोठ्या केंद्रांत एकवटलं हे मान्य करायला हवं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी असावी असं सांगितलं तेव्हा आपल्याकडे ती बरीचशी पैसे मोजून खासगीत होत होती.

यावर पहिला आक्षेप असा, की तारखेचा एवढा काथ्याकूट कशाला. ४१ आठवडे झाले की सरळ कळा आणाव्यात, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. सांगते खरी, पण तीच संघटना ४१ आठवड्यांच्या आधी निकोप गर्भारपणात कळा आणू नका असंही सांगते, आणि दोन्ही वाक्यांत आठवडा गृहीत आहे. चार आठवडे चुकलेल्या तारखेवर कळा आणल्या तर बाळ ३७ आठवड्यांचं निघतं, गर्भाशयाचं तोंड तयार नसतं आणि शेवट सिझरनं होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तारीख ठाऊक नाही म्हणूनच तपासण्या हव्यात. आलेख चांगला आणि पाणी पुरेसं असेल तर आठवडा कोणताही असो, थांबता येतं. यात तथ्य आहे. अशा बाईला आठवड्यातून दोनदा एनएसटी आणि पाण्याची मोजणी हा शहाणा मार्ग आहे, आणि हालचाल कमी झाल्यावर लगेच यायला सांगणं तर फुकटातलं शहाणपण. पण चांगला आलेख आज बाळ तगून आहे एवढंच सांगतो, वार किती दिवस पुरेल ते सांगत नाही. आणि आठवड्यातून दोनदा येणं सांगायला सोपं. लूमच्या बारा तासांच्या पाळीवर नवरा आणि रिक्षाचं भाडं जाऊन-येऊन, अशा घरात ती दुसरी फेरी पहिल्याच आठवड्यात गळते. ज्या तपासणीला वारंवार यावं लागतं ती गरिबाला महाग पडते. तारीख एकदाच ठरवावी लागते.

संगणकानं हे सुटेल, असं गेली काही वर्षं ऐकू येतं. गुजरातनं २०१० च्या सुमारास ‘ई-ममता’ नावानं गर्भार बायांची नावनिशीवार नोंद सुरू केली, केंद्राचीही नोंदवही आता ऑनलाइन आहे. तरी नंदुरबारकडच्या केंद्रात रात्री आलेल्या बाईच्या हातात आजही प्लास्टिकच्या पिशवीतले रिपोर्टच असतात, आणि त्यांत एक खास आपल्याकडचा घोळ दिसतो. प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टवर यंत्र स्वतःची नवी तारीख छापतं. दहाव्या आठवड्यातली एक, विसाव्यातली दुसरी, छत्तिसाव्यातली तिसरी. घरचे शेवटची धरतात, कारण ती ताजी. वैद्यकाचा नियम याच्या उलट आहे : सर्वांत आधीच्या चांगल्या सोनोग्राफीनं जी तारीख ठरली ती पुढे बदलायची नाही, नंतरच्या मापांवरून बाळ लहान की मोठं तेवढं बघायचं. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाची वाढ खुंटली असेल तर यंत्र त्याला चौतिसाचं समजतं आणि तारीख दोन आठवडे पुढे ढकलतं. म्हणजे ज्या बाळाला लवकर बाहेर काढायला हवं, त्याच्याच आईला अजून वेळ आहे म्हणून घरी पाठवलं जातं. पहिली तारीख कार्डाच्या दर्शनी पानावर, दोन्ही राज्यांत वाचता येतील अशा इंग्रजी आकड्यांत, गोल करून लिहायची आणि पुढच्या कुणी खोडायची नाही, एवढं तालुक्याच्या डॉक्टरला आणि लिंबायतेतल्या आशाताईला आजच्या आज करता येतं. त्याला नवं यंत्र लागत नाही, दोन सरकारांमधला करारही लागत नाही.